बाटलीची अनामत आणि खालची ग्रोसरी

मंडळी, मुसफ्फातल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पाच गॅलनची पाण्याची बाटली खालच्या ग्रोसरीतून येते. पहिल्यांदा अनामत भरायची. पुढे रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. लहानपणी थम्स अपची काचेची बाटली घरी न्यायची तर वाण्याकडे अशीच अनामत ठेवावी लागे. ही पद्धत चालते, कारण रिकाम्या बाटलीसोबत गिऱ्हाईक परत येते आणि दुकानदाराची विक्री होते.

मग अर्ध्या लिटरच्या बाटल्या कचऱ्यात का? 2022 मध्ये अबू धाबीच्या बस स्थानकावर यंत्र बसले. छोट्या बाटलीला एक गुण, मोठीला दोन, गुणाला 10 फिल्स, आणि त्यातून बसभाडे. कल्पना उत्तम! पण मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर राबणारा माणूस रिकाम्या बाटल्यांचे पोते घेऊन शहरात जाईल का? तो ग्रोसरीत मात्र रोज जातो.

म्हणून माझे मत असे, की अशी योजना ग्रोसरीच्या दारात यावी. पण तिचा भार दुकानदारावर टाकू नये. महाराष्ट्राने 2018 मध्ये प्लास्टिकबंदीबरोबर पेट बाटल्या परत घेण्याचे ठरवले, पुढे दुधाच्या पिशवीवर 50 पैसे अनामतीची घोषणाही झाली. पण दोन्ही गोष्टी रुळल्या नाहीत. दहा बाय बाराच्या दुकानात रिकामा माल ठेवायचा कुठे आणि त्या श्रमाचे पैसे कोण देणार, हे प्रश्न आधी सुटायला हवेत. न्यूयॉर्कमध्ये बाटलीवर 5 सेंट अनामत असते. शिवाय ती परत घेणाऱ्याला वितरकाकडून 3.5 सेंट हाताळणी खर्च मिळतो. जर्मनीत 200 चौरस मीटरहून लहान दुकानाला फक्त स्वतः विकत असलेल्या ब्रँडच्या बाटल्या परत घ्याव्या लागतात. मेहनताना आणि मर्यादा, दोन्ही हवेत.

आता घरचा हिशेब. बाटलीमागे 25 फिल्स अनामत धरली आणि घरात रोज चार बाटल्या लागत असतील, तर महिन्याला 30 दिरहम होतात. परत न नेल्यास ते बुडालेच!

तोवर एवढे करा: पाच गॅलनच्या बाटलीच्या अनामतीची पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. घर बदलताना किंवा कायमचे मायदेशी परतताना तीच उपयोगी पडते. माझ्या एका मित्राकडे ती नव्हती. तीन बाटल्यांची अनामत सोडूनच त्याला विमान गाठावे लागले.