शब्दांची पेढी : मॅनेजेबल

‘कर्ज आहे, पण मॅनेजेबल आहे,’ हे वाक्य हल्ली व्यापारी घरांत वारंवार कानी पडते. बोलणाऱ्याला ‘काळजीचे कारण नाही’ असे सुचवायचे असते. मूळ शब्द मात्र एवढे अभय देत नाही.

‘मॅनेज’ हे क्रियापद सोळाव्या शतकात इंग्रजीत आले. त्याचे मूळ इटालियन ‘मानेज्जारे’ म्हणजे हाताळणे, विशेषतः घोडा हाताळणे. आणि त्याच्याही मुळाशी लॅटिन ‘मानुस’, म्हणजे हात. मराठीतही ‘हाता’पासूनच ‘हाताळणे’ झाले, आणि ताबा सुटला की गोष्ट ‘हाताबाहेर’ जाते. घोडा हाताळता येतो तो लगाम हाती असेपर्यंतच, ही अट या शब्दात अजूनही दडलेली आहे.

प्रसंगानुसार याचे मराठी रूप पालटते. समारंभ आटोपशीर असतो, जबाबदारी झेपण्याजोगी असते, काम आवाक्यातले असते. वैद्य मधुमेहाला मॅनेजेबल म्हणतात, तेव्हा तो बरा झाला असा अर्थ नसतो. पथ्य, औषध व तपासणी चालू असेतो तो आटोक्यात राहील, एवढाच असतो. ‘मॅनेज केले’ म्हणजे आतून साधून घेतले, हा आपल्याकडील बाजारी अर्थ तर सर्वस्वी निराळा.

कर्जाच्या बाबतीत मधुमेहाचाच अर्थ लागू पडतो. समजा, एका दुकानदाराचे मासिक निव्वळ उत्पन्न १,००,००० रुपये, घरखर्च ४५,००० आणि हप्ते ४०,००० आहेत. हाती १५,००० उरतात. कर्ज मॅनेजेबल वाटते. आषाढात विक्री मंदावून उत्पन्न ८०,००० वर आले, की ५,००० ची तूट पडते. कर्ज तेच, हप्ताही तोच. विशेषण मात्र गळून पडते. ही तूट नव्या उसनवारीने भरली, तर लगाम सुटू लागला असे समजावे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकल्यावर बँक खाते अनुत्पादक ठरवते. घरच्या वहीला तो दिवस बराच आधी दिसलेला असतो. म्हणून हा शब्द उच्चारताना दोन प्रश्न विचारावेत : कोणाला झेपणारे, आणि कोठवर?

जैन परंपरेने याचे उत्तर पूर्वीच देऊन ठेवले आहे. श्रावकाचे पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे. क्षेत्र-वास्तू, हिरण्य-सुवर्ण, धन-धान्य यांची मर्यादा गृहस्थाने स्वतः ठरवावी, आणि ती इच्छा बळावण्यापूर्वी ठरवावी, असा त्याचा आशय आहे. दुसरे दुकान, तिसरे गोदाम यांची सीमा अगोदर आखलेली असेल, तर त्यांच्यासाठी काढावयाच्या कर्जाचीही सीमा आपोआप आखली जाते.

मर्यादा आधी ठरते, तेव्हाच ‘मॅनेजेबल’ या शब्दाला अर्थ येतो. मागाहून उच्चारला, तर तो बहुधा मनाची समजूत ठरतो.