काडी कोणाच्या हाती?

कंडक्टर म्हटलं की आपल्याला एसटीच आठवते! पण झुबिन मेहता मुंबईचे, म्हणून वाद्यवृंदाच्या कंडक्टरचंही आपल्याला कौतुक. ‘पण आपल्याकडे पाठ करून हा माणूस करतो तरी काय?’ हा प्रश्न आमच्या मंडळात हमखास येतो. स्वतः तो एकही सूर वाजवत नाही, हे खरंच. मैत्रिणींनो, बीथोवनची पाचवी सिंफनी आधी टॉस्कॅनिनींची ऐका, मग फुर्टव्हेंगलरची. कागदावरचे सूर तेच. एकाकडे ती ताठ, झपझप चालते. दुसऱ्याकडे थबकते, श्वास घेते, मग उसळते. लय किती, थांबायचं कुठे, कोणतं वाद्य वर आणायचं, सगळं त्या काडीवाल्याने ठरवलेलं.

हा ठरवण्याचा मान बायकांना मात्र फार उशिरा मिळाला. अँटोनिया ब्रिको यांनी १९३० मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसमोर काडी धरली, तरी नामांकित वाद्यवृंदाचं कायमचं पद त्यांना मिळालं नाही. १८९५ पासूनच्या लंडनच्या प्रॉम्स महोत्सवाची अखेरची रात्र बाईच्या हाती यायला २०१३ उजाडलं. त्या मरिन ऑल्सप. त्या म्हणतात, तोच हातवारा बाईने केला की लोक अर्थ वेगळा लावतात. (आवाज चढवणारा पुरुष करारी, बाई कजाग, आपल्याला का हे नवीन आहे?) २००५ मध्ये बाल्टिमोरला त्यांची निवड झाली, तेव्हा वादकांनीच विरोध केला होता. तिथेच त्या २००७ ते २०२१, चौदा वर्षं संगीत संचालक होत्या.