ईसीजी नॉर्मल आहे, मग दम का लागतो?

महिलांच्या आरोग्य तपासणीची शिबिरे आता आपल्याला नवीन राहिलेली नाहीत. २०२२ च्या नवरात्रात राज्यात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान सुरू झाले. २०२५ मध्ये १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळात केंद्र सरकारचे ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान देशभर राबवले गेले. रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, कर्करोगाची चाचपणी, हे सगळे आवश्यकच होते. प्रश्न त्यानंतरचा आहे. ‘दम लागतो, छाती भरून येते’ असे सांगणाऱ्या बाईच्या हृदयाची तपासणी पुढे कोण करते, किती वेळाने करते आणि ती नीट होते का? ऊर्जानगर, दुर्गापूर, बल्लारपूरपासून थेट सिरोंचा, भामरागडपर्यंतच्या बायांसाठी हा जीवनमरणाचा प्रश्न आहे.

हृदयविकार म्हटले की आजही डोळ्यांपुढे पन्नाशीचा, पोट सुटलेला पुरुष येतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. महिलांच्या हृदयविकारावर ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार २०१९ साली जगात झालेल्या महिलांच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे झाले. आपल्याकडची खेडीही याला अपवाद नाहीत. ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ८६ गावांत मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात, हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. सातपैकी एक मृत्यू त्यामुळे झाला होता. पक्षाघात आणि हृदयविकार यांची मुळे बरीचशी सारखीच असतात. रक्तवाहिन्यांचे आजार जंगलातल्या गावापर्यंत पोहोचले आहेत. त्यांची तपासणी मात्र तिथवर पोहोचलेली नाही.

बाई सांगते, पण ऐकले काय जाते?

बायांना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखतच नाही, असा एक समज अलीकडे पसरला आहे. तो पूर्ण खरा नाही. अमेरिकेत ५५ वर्षांपर्यंतच्या सुमारे ३००० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात झटका आलेल्या ८७ टक्के महिलांना आणि जवळपास ९० टक्के पुरुषांना छातीत दुखणे, दाब किंवा आवळल्यासारखे जाणवले होते. फरक असा की, महिलांना त्यासोबत मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे, धडधड, दम लागणे अशा इतर तक्रारीही जास्त होत्या. या इतर तक्रारींच्या गर्दीत मुख्य तक्रार हरवते. झटका येण्याआधी याच त्रासासाठी डॉक्टरकडे गेलेल्यांपैकी ५३ टक्के महिलांना ‘हे हृदयाचे नाही’ असे वाटून परत पाठवले गेले होते. पुरुषांत हे प्रमाण ३७ टक्के होते.

आपल्याकडे यात आणखी एक पदर आहे. बाई स्वतःच आपली तक्रार लहान करून सांगते. ‘काही नाही जी, गॅस झाला असंल’, ‘जीव घाबरा होते’, ‘हातपाय गळून जातेत’. सोबत आलेला मुलगा किंवा नवरा तिच्या वतीने बोलतो आणि डॉक्टरही त्याच्याकडेच पाहून प्रश्न विचारतो. मग पित्ताची गोळी, ताकदीची बाटली किंवा ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर काम भागते.

रक्तक्षयाचे तसेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. त्यामुळे दम लागणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन कमी निघाले की कारण सापडले असे मानून विचार तिथेच थांबतो. पण रक्तक्षय असलेल्या बाईला हृदयविकार होत नाही, असे थोडेच आहे? उलट रक्त कमी असेल तर अरुंद झालेल्या रक्तवाहिनीचा त्रास वाढतो.

न विचारलेले आजार किती मोठे असू शकतात, हे गडचिरोलीनेच जगाला दाखवले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० महिलांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापले. ९२ टक्के महिलांना स्त्रीरोग होते आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर खेड्यातील बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच धरले जात असे. हृदयाच्या बाबतीत आज आपण साधारण तिथेच आहोत.

तपासणी खरी केव्हा ठरते?

ईसीजी हे स्वस्त आणि उत्तम साधन आहे. पण तो कसा काढला यावर बरेच अवलंबून असते. छातीवरचे सहा लीड ठरलेल्या जागीच लावावे लागतात. बाईच्या बाबतीत त्यासाठी ब्लाऊज सैल करावा लागतो आणि काही लीड स्तनाच्या खाली, बरगड्या मोजून लावावे लागतात. खोलीला पडदा नसेल, तंत्रज्ञ पुरुष असेल, दारात माणसे उभी असतील, तर बाई आक्रसते आणि लीड कपड्याच्या कडेने वरच्या वर लावले जातात. लीड वर सरकले की नसलेला जुना झटका कागदावर दिसू शकतो आणि असलेली खूण निसटू शकते. म्हणून पडदा, चादर आणि सोबत एक परिचारिका ही केवळ सभ्यतेची बाब नाही. तपासणी अचूक येण्याची ती अट आहे.

दुसरे म्हणजे, एक ईसीजी म्हणजे एका क्षणाचे छायाचित्र. पहिला नॉर्मल आला आणि त्रास सुरूच असेल, तर १५ ते ३० मिनिटांनी तो पुन्हा काढला पाहिजे. ट्रोपोनिन या रक्तचाचणीचेही तसेच. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात वाढायला काही तास लागू शकतात, त्यामुळे एकाच चाचणीवर बाईला घरी पाठवू नये. शिवाय महिलांत ट्रोपोनिनची नॉर्मल मर्यादा पुरुषांपेक्षा कमी असते. प्रचलित अतिसंवेदनशील चाचण्यांपैकी एकीत ती पुरुषांसाठी ३४, तर महिलांसाठी १६ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. एडिंबरा येथील डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, महिलांसाठीची वेगळी मर्यादा वापरल्यावर झटक्याचे निदान झालेल्या महिलांचे प्रमाण ११ वरून २२ टक्क्यांवर गेले. रक्त तेच होते, बदलली ती फक्त रेघ.

पट्ट्यावर चालवून करायची स्ट्रेस टेस्ट महिलांमध्ये कमी विश्वासार्ह ठरते. गुडघे दुखणाऱ्या, कधी पट्ट्यावर न चाललेल्या बाईला ती पूर्णही करता येत नाही, आणि अपूर्ण चाचणीचा निकाल ‘नॉर्मल’ म्हणून वाचता येत नाही. बसल्या जागी केलेली टूडी-इको चांगली आली म्हणजे रक्तवाहिनीत अडथळा नाही, असेही सिद्ध होत नाही. अगदी अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्या मोकळ्या दिसल्या, तरी सूक्ष्म वाहिन्यांचा आजार असू शकतो आणि तो महिलांमध्ये अधिक आढळतो. अशा बाईला ‘तुम्हाला काही नाही’ म्हणणे चूक आहे. तिच्यावर औषधोपचार होऊ शकतात.

इथल्या बायांची जोखीम वेगळी आहे

ऊर्जानगरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. इथली वीज राज्यभर जाते आणि इथली हवा इथेच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते. हवेतील सूक्ष्म कण फुप्फुसातून रक्तात आणि रक्तवाहिन्यांपर्यंत परिणाम करतात. हवेचा त्रास स्त्री-पुरुष दोघांना, पण घरातल्या चुलीचा धूर बाईच्याच वाट्याला जास्त. भारतातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. आय. पद्मावती यांनी १९५० च्या दशकात दिल्लीत फुप्फुसाच्या आजारामुळे कमजोर झालेल्या हृदयांचा अभ्यास केला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायांनाही हा आजार होतो हे पाहून त्यांनी स्वयंपाकघरातल्या धुराकडे बोट दाखवले होते.

त्यात खर्रा आणि नस यांची भर पडते. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त नस लावते’ असे सांगणाऱ्या बाईच्या शरीरातही निकोटीन जातेच. तिसरी जोखीम बाळंतपणाच्या इतिहासात दडलेली असते. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब वाढला, झटके आले किंवा साखर वाढली, त्यांना पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका जास्त असतो. गरोदरपणातील वाढलेल्या रक्तदाबानंतर तो सुमारे दुपटीने वाढतो. पण मूल झाले की ती जुनी फाईल कोणी उघडत नाही. चौथी जोखीम संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपांची. लहानपणी घसा आणि सांधे दुखून गेलेली मुलगी पहिल्या गरोदरपणात अचानक दम लागून येते, तेव्हा कुठे झडप आकुंचन पावल्याचे कळते. स्टेथोस्कोपने नीट ऐकले तर हा आजार बहुधा आधीच ओळखता येतो.

अंतर रस्त्याचे आणि घरातलेही

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती उत्तम. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर, सिरोंचाहून गडचिरोलीच दोनशेच्या आसपास, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. अशा ठिकाणी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात आधी देऊन मग रुग्णाला पुढे पाठवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. ते पहिल्या काही तासांतच खरे उपयोगी पडते, बारा तासांनंतर त्याचा फारसा लाभ नसतो. महिलांमध्ये रक्तस्रावाचा धोका जास्त असल्यामुळे टेनेक्टेप्लेजसारख्या औषधाची मात्रा वजन पाहूनच ठरवली पाहिजे. चाळीस किलोच्या बाईचे वजन अंदाजाने साठ धरून चालत नाही.

घरातले अंतर मोजायला किलोमीटर नाहीत. दिल्लीच्या एम्समध्ये जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया सुचवलेल्या मुलांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ७० टक्के मुलग्यांची शस्त्रक्रिया झाली, मुलींपैकी ४४ टक्क्यांची. हीच मुलगी मोठी झाल्यावर ‘कापूस वेचून होऊ दे, मग दाखवू’ म्हणते. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि झडपेची शस्त्रक्रिया समाविष्ट आहे. पैशाची अडचण त्यामुळे कमी झाली, पण बाईला घेऊन जाणारे कोणी असावे लागते. घरी आल्यावर गोळ्या चालू राहाव्या लागतात. महिन्याच्या शेवटी पैसे कमी पडले की आधी तिच्या गोळ्या थांबतात.

काय करता येईल?

सरकारी रुग्णालयांत एक साधा लेखी नियम करता येईल. तिशीच्या पुढची कोणतीही बाई जबडा ते बेंबी या भागातले नव्याने सुरू झालेले दुखणे, दम, अकारण घाम किंवा चक्कर घेऊन आली, तर दहा मिनिटांत ईसीजी आणि त्रास टिकला तर पुन्हा ईसीजी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. कागदाचा रोल, पडदा आणि शिकवलेली परिचारिका लागते. वाचलेला ईसीजी मोबाईलवरून तज्ज्ञाला दाखवण्याची सोय आज अवघड नाही. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा तपासणी अर्ज भरतात. त्यात ‘गरोदरपणी रक्तदाब किंवा साखर वाढली होती का?’ हा एक प्रश्न घालावा आणि ‘हो’ म्हणणाऱ्या बाईचा रक्तदाब दरवर्षी तपासावा. रुग्णालयाने झटक्याच्या रुग्णांची नोंद स्त्री-पुरुष अशी वेगळी ठेवावी. ईसीजीला किती मिनिटे लागली आणि इंजेक्शन किती जणांना मिळाले, हे दोन रकाने शेजारी ठेवले की फरक आपोआप दिसेल.

घरच्यांसाठी एवढेच. काम करताना येणारा आणि थांबल्यावर कमी होणारा त्रास हा गॅस समजू नका. छातीतला दाब दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही, सोबत घाम किंवा मळमळ असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. दवाखान्यात बाईला स्वतः बोलू द्या. कधी सुरू झाले, काय केल्यावर वाढते, बाळंतपणात काय झाले होते, हे तिलाच माहीत असते. जुने ईसीजी एका पिशवीत जपून ठेवा, कारण नव्या कागदाची तुलना जुन्याशी केल्यावरच बदल कळतो. आणि रिपोर्ट नॉर्मल येऊनही त्रास थांबत नसेल, तर डॉक्टरांना विचारा: ‘मग दम कशाने लागतो?’ या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत तपासणी पूर्ण झाली असे समजू नका.