पडद्यावर पडतो एक, वस्तीत बुडतात अनेक

‘लकी भास्कर’ हा मूळ तेलुगू चित्रपट ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, महिनाभरात नेटफ्लिक्सवर पोहोचला आणि हिंदी डबिंगमुळे आपल्या वस्त्यांमधल्या पोरांच्या मोबाईलमध्येही शिरला. कथा १९८९ ते १९९२ या काळातल्या मुंबईची. बँकेतला एक कॅशिअर. तुटपुंजा पगार, डोक्यावर कर्ज, नातेवाइकांत होणारा अपमान आणि हक्काचे प्रमोशन दुसऱ्याला मिळालेले. मग तो बँकेची रोकड गुपचूप बाहेर काढून वापरू लागतो आणि हळूहळू रोखे घोटाळ्याच्या पैशात हात घालतो. शेवटी मोठे मासे जाळ्यात सापडतात. भास्कर मात्र बायकापोरांना घेऊन, पैशासकट देशाबाहेर निघून जातो.

आमच्या विहारातल्या रविवारच्या वर्गात या चित्रपटावर चर्चा झाली. आम्ही साधा प्रश्न विचारला : भास्करने चोरी केली का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असे आले. “पैसा बँकेचा होता, कुणा गरिबाचा थोडाच होता,” असे एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. ही मुले वाईट नाहीत. रोज पंचशील म्हणणारी, जयंतीला राबणारी, आंदोलनात पुढे असणारी मुले आहेत. म्हणूनच त्या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. पैसा नेमका कोणाचा होता, हा प्रश्न चित्रपट कधीच विचारत नाही. तो आपल्याला विचारावा लागेल.

पैसा कोणाचा होता?

भास्करच्या कथेमागे खरा घोटाळा आहे, १९९२ चा. त्यावर ‘स्कॅम १९९२’ ही वेबमालिका २०२० मध्ये आणि ‘द बिग बुल’ हा हिंदी चित्रपट २०२१ मध्ये येऊन गेला. तिन्हींमुळे हर्षद मेहता हे नाव आजच्या पिढीला पाठ झाले. घोटाळा कसा झाला, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते.

बँकांना आपल्या ठेवींचा ठराविक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. या रोख्यांची आपसातली तात्पुरती देवघेव बँका दलालांमार्फत करत. प्रत्यक्ष रोखे हातात न देता ‘बँक रिसीट’ नावाची पावती दिली जाई. पावतीच्या मागे रोखे असतील, हा विश्वास. मुंबईची मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक आणि आपल्या सातारा जिल्ह्यातली बँक ऑफ कराड, या दोन छोट्या बँकांनी मागे रोखे नसतानाच अशा पावत्या दिल्या. त्या कागदावर मोठ्या बँकांनी पैसे सोडले. तो पैसा दलालांच्या खात्यांतून शेअर बाजारात गेला. जानेवारी १९९२ मध्ये २,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स एप्रिलमध्ये ४,४०० च्या वर गेला. २३ एप्रिल १९९२ रोजी पत्रकार सुचेता दलाल यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बातमी दिली आणि फुगा फुटला. वर्षभरात बाजार निम्म्यावर आला. जानकीरामन समितीने बँकांचे अडकलेले पैसे मोजले, ते ४,००० कोटींच्या वर भरले.

हर्षद मेहता तुरुंगवासात असतानाच ३१ डिसेंबर २००१ रोजी ठाण्यात मरण पावला. त्याचे हे पडणे आपल्याला तपशिलाने दाखवले जाते : त्याचे घर, गाड्या, भाऊ, कोर्ट. पण बँक ऑफ कराडही बुडाली. पुढे १९९४ मध्ये ती बँक ऑफ इंडियाने ताब्यात घेतली. तिच्या ठेवीदारांवर कोणी मालिका काढली नाही. बाजार चढताना शेवटी आत शिरलेल्या लहान गुंतवणूकदारांवरही नाही. बँकेतला पैसा बँकेचा नसतो. तो कुणाच्या पेन्शनचा, कुणाच्या मुलीच्या लग्नासाठी साठवलेला, कुणी कापूस विकून ठेवलेला असतो. चोर आणि मालक यांच्यामध्ये काचेचे काउंटर आले की आपल्याला मालक दिसेनासा होतो. पांढरपेशा गुन्ह्याची सगळी ताकद त्या काचेत आहे.

चोर कोणाला म्हणायचे?

‘व्हाइट कॉलर क्राइम’ हा शब्दप्रयोग अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये रूढ केला. त्यांचे म्हणणे होते की गुन्हेगारी गरिबीतूनच जन्मते हा समज खोटा आहे. प्रतिष्ठित माणसे आपल्या व्यवसायाच्या आडून गुन्हे करतात, फक्त त्यांना कोणी गुन्हेगार म्हणत नाही. त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये निघाले तेव्हा प्रकाशकाने खटल्यांच्या भीतीने त्यातली कंपन्यांची नावे काढायला लावली. नावांसह पुस्तक यायला १९८३ साल उजाडले, तेव्हा सदरलँड हयात नव्हते.

आपल्याकडचे चित्र याच्या शेजारी ठेवून पाहा. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे पारध्यांसह अनेक जमाती जन्मानेच चोर ठरवल्या गेल्या. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय रद्द झाला नाही. आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते. तिथे कुणी ‘बिग बुल’ नसतो. तिथला तरुण संशयावरून उचलला जातो आणि त्याच्या आईला तो कोणत्या ठाण्यात आहे हेसुद्धा कळत नाही. हजारो कोटी उडवणाऱ्याचे मात्र संवाद रील्सवर वाजतात, त्याचे फोटो मुले स्टेटसला ठेवतात. जन्मावरून शिक्षा आणि प्रतिष्ठेवरून माफी, ही एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत. बहुजन तरुणाने दुसऱ्या टोकाला टाळ्या वाजवाव्यात, यासारखा आपल्याच विरोधातला विनोद नाही.

मोबाईलमधला ‘बिग बुल’

हा विषय आम्ही आता का काढला? कारण १९९२ मध्ये शेअर बाजार आपल्या वस्तीपासून फार लांब होता. आज तो खिशात आहे.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्यूचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे ‘एफ अँड ओ’ या वायदे व्यवहारांचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत यात उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. यातल्या ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाखांपेक्षा कमी सांगितले आहे. तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले. पुढच्या २०२४-२५ या वर्षातही ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले आणि त्या एका वर्षाचा तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या पुढे गेला.

हा पैसा गेला कुठे? त्याच अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या दलाली संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परकीय संस्थांनी सुमारे २८ हजार कोटींचा नफा मिळवला. त्यांचा बहुतेक नफा संगणकावर आपोआप चालणाऱ्या प्रणालींतून आला. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकन कंपनीवर बँक निफ्टीत फेरफार करून बेकायदा नफा कमावल्याचा ठपका अंतरिम आदेशात ठेवला आणि ४,८४३ कोटी रुपये जमा करायला लावले. कंपनीने आरोप नाकारले आहेत. पण एक गोष्ट त्यासाठी थांबत नाही : एका बाजूला असे संगणक आणि दुसऱ्या बाजूला डिलिव्हरीच्या दोन ऑर्डरींमध्ये मोबाईल उघडणारा आपला पोरगा, हा खेळ बरोबरीचा नाही.

असा एक तरुण आमच्या ओळखीचा आहे. आईने बचत गटातून शिलाई मशीनसाठी कर्ज काढले होते. ते पैसे त्याने ‘आठवड्यात दुप्पट करून परत ठेवतो’ म्हणून लावले. पहिल्या दोन दिवसांत पैसे वाढले, पाचव्या दिवशी संपले. भरून काढायला त्याने लोन ॲपवरून आणखी घेतले. बचत गटाची बैठक विहारातच भरते. त्यामुळे त्याने विहारात येणे बंद केले. आम्हाला हे कळले तेव्हा चार महिने उलटले होते. तो म्हणाला, “मित्र गाड्या घेतात, मी किती दिवस ‘सर, जिना चढून येऊ का’ विचारत फिरू?”

त्याचे हे वाक्य आणि भास्करच्या अपमानाचे प्रसंग यांत फार अंतर नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९३८ मध्येच मांडले होते की समाज सगळ्यांसमोर यशाचे एकच स्वप्न ठेवतो, पण तिथे जाण्याचे रस्ते मात्र सगळ्यांना देत नाही. मग माणसे आडवाटा शोधतात. भरती निघत नाही, निघाली तर पेपर फुटतो, नोकरी मिळाली तर ती कंत्राटी. अशा वेळी मोबाईलवर कुणीतरी सांगते की आडवाट हाच हमरस्ता आहे.

आणि आडवाटेवर दुकान मांडून बसलेले असतातच. जानेवारी २०२५ मध्ये दादरमध्ये टोरेस या दागिन्यांच्या दुकानासमोर जमलेली गर्दी आपण पाहिली. मोइसनाइट खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा देण्याचे आमिष होते. भाजी विकणाऱ्यांपासून छोट्या नोकरदारांपर्यंत लोकांनी पैसे लावले होते. पुढच्याच महिन्यात न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींच्या अपहाराची तक्रार झाली आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे ठेवीदार दाराबाहेर रांगेत उभे राहिले. त्या ठेवीदारांनी तर कोणताही लोभ केला नव्हता.

लोभ सगळ्यांचा सारखा नसतो

अशा वेळी एक सोपा उपदेश केला जातो : ‘लोभ वाईट, अंथरूण पाहून पाय पसरा.’ आम्हाला तो अपुरा वाटतो. तथागतांनी लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशलाची मुळे सांगितली, हे खरे. पण चक्कवत्ती सीहनाद सुत्तात चोरीची सुरुवात कुठून होते? राजा गरिबांना धन देत नाही, तिथून. दारिद्र्य वाढते, त्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या आणि खोटेपणा. म्हणजे बुद्ध चोराला दोष देऊन थांबत नाहीत, राज्यकर्त्यालाही जाब विचारतात. बचत गटाचे पैसे गमावणाऱ्या पोराचा मोह आणि खोट्या पावत्या छापणाऱ्याचा लोभ एकाच तराजूत तोलणे धम्माला धरून नाही.

मात्र यातून भास्करला माफी मिळत नाही. दुसरे शील ‘अदिन्नादाना’चे आहे : जे दिलेले नाही ते घेऊ नये. घेणारा गरीब की श्रीमंत, मालक समोर दिसतो की काचेमागे, असा अपवाद त्यात नाही. अपमान खरा असला तरी तो दुसऱ्याच्या ठेवीतून भरून काढता येत नाही.

धम्म संपत्तीच्या विरोधात नाही, हेही तरुणांनी लक्षात घ्यावे. अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : संपत्ती असण्याचे, ती उपभोगण्याचे, ऋणमुक्त असण्याचे आणि निर्दोष असण्याचे. आजचे ॲप पहिल्या दोन सुखांची जाहिरात करते आणि शेवटची दोन काढून घेते. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिला, चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. त्याआधी मुंबईत त्यांनी शेअर व्यवहारांवर सल्ला देण्याचा व्यवसायही करून पाहिला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली. ज्या बाजाराचे दार जातीने बंद केले होते, ते आज पाच मिनिटांत उघडते. पण आपल्या पोरांना आत नेऊन बसवले जाते ते नेमके जुगाराच्या खोलीत. बाजार समजून घेणे हा बाबासाहेबांचा वारसा आहे, नशीब आजमावणे नाही.

आपण काय करू शकतो?

आमच्या वर्गात आम्ही काही गोष्टी सुरू केल्या आहेत. महिन्यातला एक रविवार पैशाच्या शिक्षणासाठी ठेवला आहे. सल्ला देणारा सेबीकडे नोंदणीकृत आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर तपासायला मुले शिकली आहेत. बँकेतल्या ठेवींना माणशी ५ लाखांपर्यंतच विमा असतो, हे बचत गटातल्या बायकांना सांगितले आहे. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा. अव्वाच्या सव्वा परताव्याची योजना दिसली तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार करायची. ठेवी बुडवणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, त्याखाली एकेकट्याने न जाता गटाने जायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, पैसे गमावलेल्याला हसायचे नाही. तो तरुण तोट्यामुळे विहारापासून तुटला नव्हता, लाजेमुळे तुटला होता. ती लाज त्याला एकट्याला वाहायला लावली तर तो पुन्हा त्याच ॲपकडे जाईल. गटातल्या बायकांनी त्याच्या हप्त्याची मुदत वाढवून दिली. तो आता पुन्हा येतो, मागे बसतो.

परवा आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारला : भास्करने चोरी केली का? या वेळी लगेच हात वर झाले नाहीत. एका मुलीने विचारले, “त्या बँकेत पैसे ठेवणाऱ्यांचे पुढे काय झाले?” चित्रपटात याचे उत्तर नाही. पण यापुढे असा कोणताही चित्रपट पाहताना हा प्रश्न आपल्या मनात उठला पाहिजे.

जयभीम!