मातीची भाषा की वाटांची भाषा?

मराठवाड्यातील ग्रामीण साहित्यावरील कोणताही प्रबंध उघडावा; भाषेच्या प्रकरणात एक विधान हमखास आढळते. भूमी खडकाळ, पाऊस बेभरवशाचा, म्हणून बोली रांगडी. कोकणच्या बोलीला समुद्राची लय, वऱ्हाडीला काळ्या रानाचा ऐसपैसपणा आणि आमच्या वाट्याला मात्र दुष्काळ! चर्चासत्रांतून हे इतक्या निर्धास्तपणे सांगितले जाते, की ते सिद्ध करण्याची गरजच कोणाला भासत नाही. प्रस्तुत टिपण या विधानाला विरोध करण्यासाठी लिहिले आहे. भूगोल भाषा घडवतो, हे मला मान्य आहे. परंतु तो कसा घडवतो याविषयीची आपली कल्पना मुळातच चुकीची आहे.

'रांगडेपणा' हा ध्वनीचा किंवा व्याकरणाचा गुण नव्हे. तो ऐकणाऱ्याने केलेला सामाजिक निवाडा आहे. तेनने वंश, परिस्थिती आणि काळ अशी त्रयी मांडली. आपल्या समीक्षेने त्यातील 'परिस्थिती' तेवढी उचलली आणि तिचा अर्थ हवामानापुरता आकसून घेतला. पीकपाण्यामुळे भाषेत शब्द येतात, हे खरे. परंतु क्रियापदाने कर्त्याचे ऐकावे की कर्माचे, हे पर्जन्यमान ठरवीत नाही.

एक उदाहरण घेऊ. जळकोट-उदगीर परिसरात 'मी भाकर खाल्लो', 'मी काम केलो' अशी वाक्ये सर्रास कानी पडतात. प्रमाण मराठीत येथे कर्मणी प्रयोग होतो. 'खाल्ली' हे रूप भाकरीच्या लिंगवचनानुसार ठरते. या बोलीत क्रियापद कर्त्यामागे जाते. 'मी निबंध लिहिलो' या वाक्याखाली मी स्वतः अनेक वर्षे लाल रेघ ओढत आलो आहे, आणि ती ओढताना एका नियमाच्या जागी दुसरा नियम उभा आहे, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

हा नियम कोठून आला असावा? कन्नड आणि तेलुगू या दोन्ही भाषांत भूतकाळी सकर्मक क्रियापदही कर्त्यालाच अनुसरते. दखनीने तर उत्तरेकडील उर्दूतील 'ने' बहुतांशी सोडून दिला आहे. या तीनही भाषा आमच्या शेजारच्या नव्हेत, घरातल्या आहेत. 1956 पर्यंत उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. त्या जिल्ह्याची वाटणी तीन राज्यांत झाली. बाजार, सोयरीक आणि देवस्थाने मात्र वाटली गेली नाहीत. मन्मथस्वामींचे 'परमरहस्य' मराठीत वाचणाऱ्या लिंगायत घरांची नाती बिदर-भालकीकडे पोचतात. देगलूरच्या वाटेने तेलुगू येते. निजामी कचेरीची उर्दू 1948 नंतर गेली, पण मोहल्ल्यातली दखनी राहिली. भूगोल येथे काम करतो तो या वाटांच्या रूपाने. बालाघाटचा खडक त्यात अप्रत्यक्षच आहे.

यावर आक्षेप येईल, की असे म्हणणे म्हणजे बोलीला कन्नडची नक्कल ठरवणे होय. तसे नाही. 'मी पुस्तक विसरलो', 'मी पाणी प्यालो', 'मी मराठी शिकलो' ही वाक्ये प्रमाण मराठीचीच आहेत आणि त्यांत सकर्मक क्रियापद कर्त्यालाच अनुसरते. शिवाय 'मी' आणि 'तू' यांना प्रमाण भाषेतही 'ने' लागत नाही. म्हणजे दार आतून उघडेच होते. शेजाराने ते रुंद केले, एवढेच म्हणणे रास्त ठरेल. 'करूलालाय' हे लातूरकडचे रूपही असेच पाहावे. 'करू लागला आहे' यातून ते घडते, जसे 'करतो आहे' यातून 'करतोय' घडते. एकाला आपण प्रमाण म्हणतो आणि दुसऱ्याला भ्रष्ट. व्याकरणात या भेदाला आधार नाही.

संस्कृतीचा वाटाही तपासला पाहिजे. सांगली जिल्ह्यातील कुपवाडविषयी गंपर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये दाखवले, की तेथील कन्नड, मराठी आणि उर्दू यांच्या वाक्यरचना एकमेकींच्या अगदी जवळ आल्या आहेत. शब्द मात्र वेगळे राहिले. व्यवहाराने व्याकरण जवळ आणले आणि घराघरांतील सामाजिक भेदाने भाषा वेगळ्या ठेवल्या. कुपवाडचा निष्कर्ष जळकोटला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण प्रश्न कसा विचारावा हे त्यातून शिकता येते.

तो आपण विचारला नाही, याला इतिहास आहे. मोल्सवर्थचा 1831 चा कोश मुंबई इलाख्यात सिद्ध झाला. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीचा मराठीविषयक खंड 1905 मध्ये निघाला, परंतु हैदराबाद संस्थान त्या पाहणीच्या कक्षेबाहेर होते. मराठवाड्याच्या बोलींची नोंद ज्या काळात व्हायची, त्या काळात ती झाली नाही. या रिकाम्या जागेत आपण 'माती' भरली. 2022 मध्ये साहित्य संमेलन उदगीरला भरले, 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. दोन्हींचा आनंद आहेच. पण प्राचीनतेचे पुरावे गोळा करणारी भाषा आपल्या सीमेवरील जिवंत व्याकरणाला चूक म्हणत असेल, तर तो अभिमान अपुरा आहे.

प्रमाण मराठी शिकवू नये, असे मी म्हणत नाही. ती शिकवावीच, मात्र विद्यार्थ्याच्या घरचा नियम त्याला आधी दाखवावा आणि मग परीक्षेचा. संशोधक विद्यार्थ्यांकडे माझी मागणी याहून कडक आहे. 'रांगडी' हे विशेषण लिहिण्यापूर्वी प्रत्यक्ष ऐकलेले वाक्य द्यावे. ते कोणत्या गावचे, बोलणाऱ्याच्या घरात आणखी कोणत्या भाषा आहेत, तो कोणत्या बाजाराला जातो, त्याच्या लेकी-सुना कोणत्या गावच्या, हे नोंदवावे. एवढे केल्यावरही विशेषण शिल्लक राहिले, तर खुशाल वापरावे.