विश्लेषण : लिनक्सवर लॅपटॉप झोपतो, पण जागा का होत नाही?

‘विंडोज १०’ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारे जुने लॅपटॉप भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकता येते. मात्र तेथे एक जुनी अडचण अजूनही भेटते. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो, पण उघडल्यावर स्क्रीन काळाच राहतो. कधी तो नीट झोपतच नाही आणि बॅगेत तापून बॅटरी संपवतो. सेव्ह न केलेले काम जाते ते वेगळेच.

झोपताना नेमके काय होते?

‘सस्पेंड’ म्हणजे चालू काम रॅममध्ये राखून बाकीच्या भागांची वीज बंद करणे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आधी सुरू असलेले प्रोग्राम थांबवतो. मग वायफाय, ग्राफिक्स, डिस्क आणि शेवटी प्रोसेसर यांना झोपवतो. जागे होताना क्रम उलटा असतो. या साखळीत एका उपकरणाचा ड्रायव्हर अडला, तरी सारे अडू शकते. स्क्रीन काळा राहिल्यास पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घेतला जातो.

दोष लिनक्सचाच का?

सगळा नाही. झोपेचे नियम १९९६ मध्ये आलेल्या ‘एसीपीआय’ या मानकात आहेत. त्यातील ‘एस-३’ ही गाढ झोप. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये तिच्याऐवजी विंडोजच्या ‘मॉडर्न स्टँडबाय’ला साजेशी, मोबाइलसारखी हलकी झोप असते. लिनक्सलाही ती जमते; पण एखादा भाग जागा राहिला, तर बॅटरी उतरत जाते. २०१८ मधील लेनोव्होच्या ‘थिंकपॅड एक्स-१ कार्बन’च्या सहाव्या पिढीत सुरुवातीला ‘एस-३’ नव्हती. नंतर बायोस अपडेटमधून झोपेसाठी ‘लिनक्स’ असा पर्याय देण्यात आला. म्हणजे कंपनीने मनावर घेतले, तर मार्ग निघतो.

वापरकर्त्याने काय करावे?

विंडोज पुसण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहावे. पेनड्राइव्ह न काढता झाकण मिटावे, काही मिनिटांनी उघडावे आणि असे तीन-चार वेळा करावे. प्रत्येक वेळी स्क्रीन, वायफाय व आवाज तपासावा. अडचण आल्यास बायोस अद्ययावत करावे, त्यात झोपेचा पर्याय आहे का ते पाहावे आणि नव्या कर्नलची आवृत्ती वापरून बघावी. ‘हायबरनेट’मध्ये रॅममधील काम डिस्कवर उतरते, मात्र त्यासाठी पुरेशी ‘स्वॅप’ जागा लागते आणि ‘सिक्युअर बूट’ सुरू असताना अनेक लिनक्स आवृत्त्या ते करू देत नाहीत. खात्री होईपर्यंत लॅपटॉप बॅगेत ठेवताना पूर्ण बंद करणेच बरे.

खोक्यावर बॅटरी किती तास चालते हे ठळकपणे छापणाऱ्या कंपन्यांनी लॅपटॉपला कोणती झोप येते, हेही छापायला हवे. जुने यंत्र आणखी चार वर्षे चालणार की कचऱ्यात जाणार, हे अनेकदा एवढ्याच गोष्टीवर ठरते.