सट्ट्याचा भाव ही कोणाची साक्ष?

अमेरिकेत निवडणुकीचे वारे वाहू लागले की 'भाकीत-बाजारां'चे भावही आपल्या पडद्यांवर येऊन आदळतात. एखाद्या उपनगरी मतदारसंघातून प्रतिनिधिगृहावर कोण जाणार, यावर लोक पैसे लावतात. उमेदवार जिंकल्यास १ डॉलर देणारा करार ६० सेंटला विकला जात असेल, तर विजयाची शक्यता ६० टक्के धरायची, असा हा हिशेब. इतिहासाची आवड असलेले काही मित्र हेच भाव 'जनमत' म्हणून उद्धृत करतात. माझा आक्षेप तिथे आहे.

हा प्रकार नवा मुळीच नाही. १८८४ ते १९४० या काळात न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट परिसरात अध्यक्षीय निवडणुकांवर उघडपणे पैजा लागत. दलाल दोन्ही बाजूंचे पैसे सांभाळीत आणि जिंकणाऱ्याकडून साधारण ५ टक्के दलाली घेत. शास्त्रशुद्ध जनमत चाचण्या तेव्हा नव्हत्या, म्हणून वृत्तपत्रे हे भाव छापीत. पॉल ऱ्होड आणि कोलमन स्ट्रंफ या अर्थशास्त्रज्ञांनी ते जुन्या अंकांतून वेचून काढले. त्या १५ निवडणुकांत महिनाभर आधी स्पष्टपणे पुढे असलेला उमेदवार एकदाच हरला: १९१६ साली ह्यूज. विल्सन यांना त्या वेळी कॅलिफोर्नियाने तारले, तेही चार हजारांहून कमी मतांनी! (पैज हरलेल्याने भर रस्त्यात शेंगदाणा ढकलत नेण्यासारख्या गमतीही तेव्हा चालत. असो.)

तेव्हाही भाव निर्मळ नव्हते. आपल्या उमेदवाराचे पारडे जड दिसावे म्हणून पक्षाचे लोक मुद्दाम पैसे ओततात, असे आरोप होत. तरीही एवढा पैसा आणि देशभरातून येणाऱ्या बातम्या एकवटल्यावर बाजाराला काही अंदाज येत असे, हे मान्य करायला हवे.

एका उपनगरी जागेचे गणित मात्र वेगळे असते. २०१७ साली अटलांटाच्या उत्तरेकडील उपनगरांतील जॉर्जियाच्या सहाव्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. १९७९ पासून ही जागा रिपब्लिकन पक्षाकडे होती. न्यूट गिंग्रिच इथलेच. परंतु २०१२ मध्ये रॉम्नी यांना इथे २० टक्क्यांहून अधिक आघाडी देणाऱ्या सुशिक्षित, सुखवस्तू मतदारांनी २०१६ मध्ये ट्रम्प यांना जेमतेम दीड टक्क्याची आघाडी दिली. पहिल्या फेरीत डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ ४८.१ टक्क्यांवर अडले. जूनमधील दुसऱ्या फेरीत कॅरेन हँडेल ५१.८ टक्के मते घेऊन जिंकल्या. प्रचारावर ५ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. 'प्रेडिक्टइट' या बाजारात या जागेवर सौदे होत होते, पण एका करारात एका व्यक्तीला जास्तीत जास्त ८५० डॉलरच गुंतवता येत.

आता विचार करा, हे सौदे करणाऱ्यांना माहिती कुठून मिळत होती? बहुतेकांनी ती उपनगरे पाहिलेलीही नसणार. ते त्याच जनमत चाचण्या पाहत होते, त्याच बातम्या वाचत होते. उद्या एखाद्या संशोधकाने 'चाचण्याही हेच सांगत होत्या आणि बाजारही' असे लिहिले, तर त्याने एकाच साक्षीदाराला दोनदा पिंजऱ्यात उभे केलेले असेल. शिवाय ६० टक्के शक्यता असलेला उमेदवार हरला, तरी भाव चुकला असे सिद्ध होत नाही. शेकडो निवडणुका एकत्र तपासल्यावरच तो हिशेब लागतो. एका जागेच्या इतिहासासाठी ही कसोटी निरुपयोगी आहे.

म्हणून हे भाव फेकून द्यावेत काय? नाही. पैसे लावणाऱ्यांच्या मनाचा तो क्षणाक्षणाचा दस्तऐवज आहे. मतमोजणीच्या रात्री आशा नेमकी कोणत्या घटकेला मावळली, हे असा आलेख जितक्या बारकाईने दाखवील तितके कोणतेही अग्रलेख दाखवणार नाहीत. मात्र ती आशा सट्टेबाजाची, मतदाराची नव्हे.

२०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयांनी काँग्रेसवर कोणाचे नियंत्रण येईल याविषयीचे करार विकण्याची वाट 'काल्शी' या कंपनीला मोकळी करून दिली. तेव्हा हे साधन आता वाढतच जाणार. पण त्याच जॉर्जियाच्या जागेवर २०१८ मध्ये डेमोक्रॅट लूसी मॅकबाथ यांनी हँडेल यांना निसटत्या फरकाने हरवले. ते का घडले, याचा शोध कॉब, फुल्टन आणि डिकॅल्ब या परगण्यांच्या केंद्रनिहाय मतमोजणीत घ्यावा लागतो.